उचलीचा जबाब

जव्हार-मोखाड्यात कर्जवसुलीला येणारा माणूस पुष्कळदा पैसे मागतच नाही, तो टेम्पो घेऊन येतो. पावसाळ्यात घरातले दाणे संपतात तेव्हा कुणीतरी पाच-दहा हजारांची उचल घेतलेली असते. भात झोडून होतं, दिवाळी सरते आणि ती उचल फेडायला अख्खं कुटुंब भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जातं. म्हणून इथे कर्जदाराचे हक्क सांगायचे, तर सुरुवात बँकेच्या नियमांपासून होत नाही, ती मजुराच्या जबाबापासून होते.

जबाब घेणारी कार्यकर्ती कातकरी जोडप्यासमोर जमिनीवर बसते. ‘देणं किती?’ हा प्रश्न ती आधी विचारत नाही. विचारला तर मालकाच्या वहीतला आकडा ऐकू येतो, ‘शेठ म्हणतो अजून बारा हजार फिरतात.’ ती दुसऱ्या टोकापासून धरते. पैसे कशाला लागले? लग्नाला, दवाखान्याला, मयताला. कधी घेतले? तारीख नसते. ‘नागलीची लावणी झाली होती’ एवढं मिळतं, त्यावरून ती महिना लावते. भट्टीवर कोण कोण राबलं? नवरा स्वतःचं नाव सांगून थांबतो. ‘आणि ताई, तुम्ही?’ मग कळतं की बायको पहाटेपासून गारा तुडवत होती, मोठी पोरगी विटा वाहत होती, आणि वहीत नाव एकट्या नवऱ्याचं. हजार विटांमागे काय ठरलं, आठवड्याची खर्ची किती मिळाली, तापात पडलात ते खाडे कसे धरले, असं एकेक विचारत ती शेवटच्या प्रश्नाशी येते. ‘दादा, आम्ही जातो म्हणालात तेव्हा काय झालं?’

इथे दोघंही गप्प होतात, आणि कार्यकर्ती घाई करत नाही. कायद्याचा सगळा भार याच उत्तरावर आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा 1976 चा. उचलीपायी माणसाला दुसरीकडे कामाला जाता येत नसेल किंवा किमान वेतनाहून कमी पैशांत राबावं लागत असेल, तर ती वेठबिगारी. आणि ती ठरली की ते कर्ज कायद्यानेच संपतं. हप्ते पाडून द्यायचं नाही, थोडं सोडून घ्यायचं नाही, मुळात उरतच नाही. त्यानंतर मालकाने ते वसूल केलं तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उचल वेठबिगारीची नव्हती हे सिद्ध करायची जबाबदारीही मजुरावर नाही, मालकावर आहे. अक्षर न येणाऱ्या माणसासाठी याहून मोठा आधार मला दुसऱ्या कुठल्या कायद्यात दिसत नाही.

पण हे सांगून झाल्यावर येणारं उत्तर ऐकताना घसा दाटून येतो. ‘पैसं घेतलं ना पण? मग फेडाया नको?’ वसुलीवाल्याचं खरं बळ दंडुक्यात नसून या प्रामाणिकपणात आहे. कार्यकर्ती त्यावर वाद घालत नाही, कागद घेते. राबलेली माणसं, दिवस, सरकारी किमान वेतन यांचा गुणाकार मांडते आणि खर्ची वजा करते. बहुतेक वेळा मालकच देणं लागत असतो. तो आकडा पाहून बायको आधी बोलू लागते, मग नवरा.

ही गाठ जुनी आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जात जन्मभर अडकलेल्या लग्नगड्यांसाठी 1945 मध्ये गोदावरी परुळेकर शेजारच्या डहाणू-उंबरगावात वारल्यांसोबत उभ्या राहिल्या. विवेक आणि विद्युल्लता पंडितांची श्रमजीवी संघटना 1982 मध्ये वेठबिगारमुक्तीच्याच कामातून उभी राहिली. आणि 2021 मध्येही मोखाडा तालुक्यात एका कातकरी बापाने जीव दिला. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या 500 रुपयांपायी त्याला राबवलं जात होतं, अशी त्याच्या पत्नीची तक्रार होती आणि वेठबिगारीचा गुन्हा नोंदला गेला.

जबाब पुढे प्रांताधिकाऱ्यांकडे जातो. चौकशीत तथ्य आढळलं तर मुक्ततेचा दाखला मिळतो, आणि 30 हजारांपर्यंत तातडीची मदत. पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख ही पुनर्वसनाची मोठी रक्कम मात्र बहुतांशी मालकाला शिक्षा होण्याशी बांधलेली आहे, आणि खटला रेंगाळतो तसं कुटुंब पुन्हा उचलीकडे वळतं. हा दोष दिल्लीत बसून केलेल्या योजनेचा आहे, त्या कुटुंबाचा नाही.

अलीकडे पाड्यांवर गटकर्जाचे हप्तेही आले आहेत. तिथे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये घालून दिलेले नियम लागू होतात. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, एरवीही सतत फोन करत राहायचं नाही, शिवीगाळ आणि धमकी नाही, नातेवाइकांना त्रास नाही, थकबाकीदाराचं नाव जाहीर करायचं नाही. ठरल्या जागी बाई लागोपाठ दोनदा आली नाही, तरच घरी जाता येतं. परवाना नसलेल्या सावकाराची तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करायची. 2014 च्या सावकारी कायद्याने अशा धंद्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि आदिवासींसोबत चालणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार पेसा कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. तो दिवाळीच्या आधी वापरायला हवा. कुणी कुठल्या भट्टीची किती उचल घेतली, हजारी दर काय ठरला, घरातली किती माणसं जाणार, हे सगळं ग्रामसभेने टेम्पो येण्याआधी आपल्या वहीत लिहून घ्यावं. त्यात बायकोचं नाव वेगळ्या ओळीत असावं.