मरण देणे वेगळे, उपचार थांबवणे वेगळे

कृष्णा-वारणेकाठच्या जैन घरांत ‘समाधिमरण’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दृष्टी अधू झाली, पायाखालचे जीवजंतू दिसेनासे झाले, आता अहिंसेचे व्रत नीट पाळता येणार नाही, म्हणून आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी क्रमाक्रमाने सोडण्याचे व्रत, घेतली आणि सप्टेंबर १९५५मध्ये देह ठेवला. अशा व्रताला राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी आत्महत्या ठरवले, तेव्हा जैन समाज दुखावला गेला; महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. सल्लेखना हे धर्माचरण आहे, रुग्णालयातला निर्णय नव्हे, हे मान्यच. पण तिथे मरण दुसऱ्या कुणाच्या हातून येत नाही. इच्छामरणाच्या वादातही माझ्या मते मरण कुणाच्या हातून येते, हाच प्रश्न कळीचा आहे.

आपला कायदा ही रेघ स्पष्ट ओढतो. रुग्णाच्या विनंतीवरून डॉक्टरने प्राणघातक इंजेक्शन देणे किंवा तशी औषधे हाती ठेवणे हा गुन्हा आहे. नेदरलँड्समध्ये २००२पासून ठरावीक अटींवर त्याला मुभा आहे. उपचार थांबवणे मात्र निराळे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३पासून अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांच्या इच्छामरणाविषयीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. ज्या परिचारिकांनी त्यांना मायेने सांभाळले होते, त्या परिचारिकांचे म्हणणे न्यायालयाने ऐकले. मात्र त्याच निकालाने उपचार थांबवण्याचा दरवाजा किलकिला केला. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. सुरुवातीची पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. जानेवारी २०२३मध्ये ती सोपी झाली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, आणि वेळ आल्यावर तीन-तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांचा निर्णय.

जमिनीच्या लोभाने पोरे म्हाताऱ्याचा श्वास काढून घेतील, अशी भीती बोलून दाखवली जाते. ती खोटी नाही. बांधावरून भाऊ भावाच्या जिवावर उठतो. म्हणूनच हा निर्णय एकट्या नातेवाइकाच्या हाती नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: कॅन्सरने तळमळणाऱ्या, पण कुठल्याच यंत्रावर नसलेल्या माणसाचे काय? उपचार थांबवून त्याची सुटका होत नाही. त्याला मदत नाकारणे क्रूर आहे, असे म्हणणाऱ्यांचा कळवळा मला खरा वाटतो. पण वेदनेवरचे मॉर्फिन मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४मध्ये कायदा बदलूनही जत-आटपाडीच्या किंवा माण-खटावच्या रुग्णाला ते घराजवळ मिळणार नसेल, तर ‘मला मारून टाका’ या हाकेचा अर्थ ‘माझे दुखणे थांबवा’ असाही असू शकतो. दुखणे थांबवायची सोय न करता मरणाची सोय करणे, याला मी दया म्हणणार नाही. आधी घरपोच वेदनाशामक सेवा उभी राहू दे; त्यानंतरही कुणी मरण मागितले, तर त्या मागणीचा विचार नव्याने करता येईल.

तोवर हाती असलेला हक्क तरी वापरा. मिरज-कऱ्हाडच्या अतिदक्षता विभागाबाहेर, उसनवारीच्या पैशांची मोजदाद करत, आई-वडिलांच्या श्वासाचा निर्णय घ्यायची पाळी मुलांवर आणू नका. धडधाकट आहात तोवर घरच्यांना समोर बसवून बोला, इच्छापत्र करा आणि त्याची एक प्रत तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवा.