विमानाचा पत्रा आणि कारागिराचा हात

जुन्या विमानाचा एखादा पत्रा फाटला, तर नवा कोणत्या दुकानात मिळेल? कोठेही नाही. तो ज्या साच्यांवर घडला, ते बहुधा केव्हाच मोडीत निघालेले असतात. तो हातानेच घडवावा लागतो. अमेरिकेतील कार्यशाळांतून टिकून असलेल्या या कलेची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

पुण्याच्या तांबट आळीत हंडा घडताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे काम परके वाटणार नाही. सपाट पत्र्यास फुगवटा द्यायचा, तर मध्यभाग ताणावा लागतो किंवा कडा आखडाव्या लागतात. ताणण्यासाठी पत्रा वाळूच्या चामडी पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने ठोकतात. कडेस चुण्या पाडून त्या ठोकून जिरवल्या, की ती आखडते. नंतर ‘इंग्लिश व्हील’ या यंत्राच्या दोन चाकांमधून पत्रा वारंवार फिरवून गुळगुळीत करतात. ठोकून ताठरलेले अ‍ॅल्युमिनियम तडकू नये म्हणून ते तापवून मऊ करतात. परंतु ते लोखंडासारखे लाल होत नाही, एकाएकी वितळते. म्हणून कारागीर नरम जातीच्या पत्र्यावर ज्योतीची काजळी धरवतो आणि ती जळून जाताच आच थांबवतो.

कॅन्सस राज्यातील विचिटा येथे १९४५ साली बांधलेले ‘डॉक’ हे बी-२९ बॉम्बफेकी विमान मोहावी वाळवंटात अनेक दशके बेवारस पडले होते. १९८७ साली टोनी मॅझोलिनी यांनी ते शोधले. २००० साली ते विचिटास परतले. शेकडो स्वयंसेवकांच्या श्रमांनंतर १७ जुलै २०१६ रोजी त्याने पुन्हा उड्डाण केले. त्या स्वयंसेवकांत विमान कारखान्यांतील निवृत्त कामगार होते. युद्धकाळात विचिटातच बी-२९ विमानांना रिव्हेट मारणाऱ्या कॉनी पालासिओझ यांनीही उतारवयात या कामास हात लावला.

नकाशात मापे असतात. हातोडा किती जोराने पडावा, हे नसते. ते ज्ञान जुन्या हाताशेजारी उभे राहूनच नव्या हातास मिळते.

आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांनी सुतारकाम, गवंडीकाम करून मुंबईत संसार उभे केले. परदेशी आलेल्या मुलांनी डॉक्टर, इंजिनिअर व्हावे, ही इच्छा रास्तच होय. परंतु एखाद्याचा ओढा हत्यारांकडे असेल, तर त्यास कमी लेखू नये. आणि घरात असे कसब जाणणारे आजोबा असतील, तर नातवास त्यांच्याजवळ आजच बसवावे. विमान वाळवंटात वाट पाहत राहू शकते. माणसाचा हात तेवढा थांबत नाही.