एकशे वीस ओळींची क्वेरी आणि काकांची निम्मी हळद

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलता बोलता घसरलो तिथं थोडं नीट केलंय, बाकी तसंच.

मी मूळचा साखऱ्याचा, जिल्हा हिंगोली. आमच्याकडं हळद म्हणजे वर्षाचा हिशोब. मागं एका आडतीसाठी छोटं अ‍ॅप केलं होतं: शेतकऱ्यानं मोबाईलवर बघायचं, किती माल घातला, किती उचल घेतली. एका संध्याकाळी गावातल्या काकांचा फोन. "आरं बाबा, आठ क्विंटल घातली मी. तुझ्या मोबाईलात चारच कशी?"

चूक माझीच होती. क्वेरी एकशे वीस ओळींची, आत चार सबक्वेऱ्या, आणि खरं सांगू? लिहिली तेव्हा मला तिचा अभिमानच वाटला होता.

आता नीट ऐका. काकांच्या मालाच्या पावत्या दोन, प्रत्येकी 4 क्विंटल. उचली तीन: 5,000, 5,000 आणि 10,000. मी शेतकरी, पावत्या आणि उचली ही तिन्ही टेबलं एकदम जॉईन केली. पावतीचा आणि उचलीचा एकमेकांशी संबंध फक्त एवढाच, की दोन्ही त्याच माणसाच्या. मग डेटाबेस काय करणार? प्रत्येक पावतीसमोर प्रत्येक उचल ठेवणार. दोन गुणिले तीन, सहा ओळी. बेरीज केली तर हळद 24 क्विंटल आणि उचल 40,000!

टेस्टिंगला हे दिसलं होतं मला. तेव्हा मी काय केलं, तर बेरजेत डिस्टिंक्ट टाकलं. टेस्टच्या डेटात सगळे आकडे वेगवेगळे, त्यामुळं उत्तर बरोबर आलं. पण डिस्टिंक्टला पावती कळत नाही, आकडा कळतो. 4 आणि 4 सारखे, म्हणून एकच धरला. उचलही 20,000 ची 15,000 झाली. म्हणजे काकांची हळद निम्मी आणि आडत्याचे 5,000 गायब. एकाच क्वेरीत दोघांचं नुकसान.

उपाय घरातच होता. आपला सातबारा बघा. नमुना सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पीक काय. पण एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र बघायची तर आपण आठ-अ काढतो. तो म्हणजे सरळ ग्रुप बाय! आधी माणसागणिक गोळा करा, मग पुढचं.

तसंच केलं. विथ वापरून पहिल्या तुकड्यात फक्त पावत्या, शेतकऱ्यागणिक बेरीज. दुसऱ्यात फक्त उचली, तशीच बेरीज. आता दोन्हीकडं माणशी एकच ओळ. मग शेतकऱ्यांच्या टेबलाला दोन्ही लेफ्ट जॉईन, कारण उचल न घेतलेला माणूस यादीतून गळायला नको. त्याच्यासमोर रिकाम्याऐवजी शून्य यावं म्हणून कोअलेस. झालं. बावीस ओळी, डिस्टिंक्ट कुठंच नाही.

एक आडवळण. विथ मायएसक्यूएलमध्ये 8.0 पासून, म्हणजे 2018 पासून आहे. पोस्टग्रेसमध्ये आधीपासून होतं, पण प्रत्येक तुकडा वेगळाच चालवला जायचा, त्यामुळं कधी कधी क्वेरी मंद व्हायची. 2019 च्या 12 व्या आवृत्तीपासून साधा, एकदाच वापरलेला तुकडा मुख्य क्वेरीत मिसळला जातो. जुन्या सर्व्हरवर असाल तर एक्सप्लेन लावून बघाच.

एक्सप्लेनमुळंच अजून एक सापडलं. मी तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावून वर्ष 2024 आहे का असं विचारत होतो. तसं केलं की तारखेवरचा साधा इंडेक्स कामाला येत नाही, सगळं टेबल चाळलं जातं. त्याऐवजी 1 जानेवारी 2024 पासून, 1 जानेवारी 2025 च्या आत, असं लिहिलं.

नवीन क्वेरी लावायच्या आधी आडतीत जाऊन बसलो. मुनीमजींची वही एका हातात, मोबाईल दुसऱ्या. मुद्दाम सारख्या वजनाच्या पावत्यावाले शेतकरी शोधले, एकही उचल नसलेले शोधले, आणि एकेक नाव जुळवलं. दुपार गेली त्यात. मग काकांना फोन लावला. ते म्हणाले, "आठ दिसतंय आता. पण उचल वाढली की रे!"