घड्याळाशी शर्यत : उलट्या ट्रॉलीचा धडा

ब्रेकचा भाग आज येणार होता. तो पुढच्या आठवड्यात. मध्येच बार्शी तालुक्यातल्या वैरागहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि चार ओळींत उरकावा असा तो नाही. त्यांचा पुतण्या यात्रांमधल्या ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स स्पर्धांत उतरतो. घरी जुनी स्विफ्ट आहे. काका-पुतणे दोघंही ही लेखमाला वाचतात. त्यांनी विचारलंय, ट्रॅक्टरवर तयार झालेला हात ऑटोक्रॉसमध्ये कामाला येतो का, की सगळं पहिल्यापासून शिकायचं?

कामाला येतो, आणि काही ठिकाणी आडवाही येतो. दोन्ही सांगायला हवं.

पश्चिम महाराष्ट्रात या रिव्हर्स स्पर्धा आता ठिकठिकाणी भरतात. मोकळ्या रानात फक्कीच्या दोन रेषा मारून वाट आखायची, वळणांवर काठ्या रोवायच्या आणि रिकामी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर त्या वाटेनं उलटा न्यायचा. चाक फक्कीवर गेलं किंवा काठी पडली तर काय, याचे नियम गावागणिक बदलतात. कुठे सेकंद वाढतात, कुठे गडी थेट बाद. बाकी सगळा फैसला घड्याळाचा. ऑटोक्रॉसची चौकट हीच आहे. वाटेवर गाड्या एकमेकींना भिडत नाहीत, ज्याची त्याची वेळ लागते आणि पाडलेल्या शंकूचा दंड होतो. अमेरिकेत सोलो नावानं होणाऱ्या ऑटोक्रॉस स्पर्धांत एका शंकूचे 2 सेकंद धरतात. तिथली राष्ट्रीय स्पर्धा नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात, जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर होते. ब्रिटनमध्ये मात्र ऑटोक्रॉस शेतकऱ्यांच्या कुरणांत वाढला आणि आपल्याकडेही तो बहुतेक मातीवरच चालतो. म्हणजे वैरागचा पुतण्या या खेळाच्या बांधावर आधीपासूनच उभा आहे.

आता त्याच्या हाताकडे जरा जवळून पाहू. दोनचाकी ट्रॉली मागे घेताना तिचं तोंड डावीकडे वळवायचं असेल, तर स्टिअरिंग आधी उजवीकडे द्यावं लागतं. ट्रॉली वळायला लागली रे लागली, की लगेच स्टिअरिंग उलटं फिरवून ट्रॅक्टर तिच्या मागे न्यायचा. गंमत पुढे आहे. सरळ चालताना ट्रॉली आपोआप ओळीत येते, उलटं जाताना मात्र तिचा वाकडेपणा आपोआप वाढतो. वाकडेपणा चार बोटं असतो तेव्हा स्टिअरिंगला जरासा झोल दिला तरी भागतं. क्षणभर थांबलं की तोच वाकडेपणा काढायला अख्खा वेढा लागतो. त्याहून उशीर झाला तर ट्रॉली ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाकडे घडी होऊन येते आणि मग पुढे घेतल्याशिवाय सुटका नाही. घड्याळ तेवढ्यात पळालेलं असतं. म्हणून चांगला गडी ट्रॉली वाकडी झाल्यावर हात हलवत नाही. ती वाकडी व्हायला निघाली, की हात हललेला असतो. त्याची नजरही ट्रॉलीच्या चाकावर खिळलेली नसते. ती वाटेच्या पुढच्या वळणावर असते, चाकाकडे तो मध्येच एक कटाक्ष टाकतो.

गेल्या आठवड्यातली स्लॅलमची, म्हणजे शंकूंमधून नागमोडी जायची रांग आठवा. तिथे नवशिक्याचा वेळ जातो तो नेमका याच जागी. समजा, गाडी ताशी 40 किलोमीटरनं चालली आहे, म्हणजे सेकंदाला 11 मीटर. शंकू 15 मीटरच्या अंतरानं मांडलेत. दोन शंकूंच्या मध्ये सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो. डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर साडेपाच मीटर संपले. पहिल्या शंकूपाशी वीतभर उशीर झाला तर दुसऱ्यापाशी तो हातभर होतो, तिसऱ्याला गाडी रुंद जाते आणि चौथ्याला ब्रेक दाबावा लागतो. नवशिका म्हणतो, चौथा शंकू अवघड आहे. चूक पहिल्या शंकूची असते; ती साठत साठत चौथ्यापाशी दिसते.

उपाय ट्रॉलीवाल्याला ठाऊक आहे. शंकू खिडकीशेजारी आला की त्याचं काम संपलं, नजर त्याच्या पुढच्या दोन शंकूंवर हवी. स्टिअरिंग शंकूला पोचल्यावर न फिरवता आधीच फिरवायचं, म्हणजे शंकू ओलांडताना गाडीचं नाक पुढच्या शंकूकडे वळलेलं असतं. शहरातल्या नवख्या चालकाला हे कितीही वेळा सांगितलं तरी तो डोळे बोनेटसमोर ठेवतो, कारण रोजच्या गर्दीत पुढच्या गाडीचा बंपर बघत चालवायची सवय असते. ट्रॅक्टर उलटा नेणाऱ्या मुलाची ही सवय आधीच मोडलेली आहे. ही फार मोठी कमाई आहे. ती कुठल्याही महागड्या एक्झॉस्टनं किंवा रुंद टायरनं विकत मिळत नाही.

हात कुठे आडवा येतो ते आता.

ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. तासाच्या टोकाला बांधापाशी वळताना आतल्या बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल खिट्टीनं जोडतात. मोटारीत ही सोय नाही. अरुंद वळणावर हा गडी सवयीनं ब्रेक दाबायला जातो, तर चारही चाकं धरतात आणि पुढची चाकं मुरमावर सरळ घसरतात. दुसरी गोष्ट अ‍ॅक्सिलरेटरची. शेतकामात हाताचा अ‍ॅक्सिलरेटर एका जागी लावून ठेवतात, पाय मोकळा राहतो. त्यामुळे पायानं थोडं थोडं देणं, थोडं थोडं काढणं, याचा सराव कमी असतो. स्विफ्टचं इंजिन पुढची चाकं फिरवतं आणि तीच चाकं वळतातही. वळणात जास्त अ‍ॅक्सिलरेटर दिला की ती दोन्ही कामं सोडून देतात. तेव्हा स्टिअरिंग आणखी फिरवून उपयोग होत नाही. पाय किंचित उचलायचा, स्टिअरिंग थोडं सैल करायचं, पकड परत येते. तिसरं, स्टिअरिंगवर बसवलेल्या मुठीनं एका हातानं वेढे घालण्याची सवय. मोटारीत दोन्ही हात घड्याळातल्या पावणेतीनच्या काट्यांसारखे ठेवायचे. पाठ सीटला पूर्ण टेकवून हात पुढे केला, तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. सीट तेवढी पुढे घ्यायची.

टायरची पकड किती आहे हे ट्रॉली शिकवत नाही, कारण ती चालीच्या वेगानं जाते. त्यासाठी एक उत्तम सराव फॉर्म्युला स्टुडंटच्या स्पर्धांकडून घेता येतो. अभियांत्रिकीची मुलं स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन या स्पर्धांत उतरतात. आयआयटी मुंबईचा संघ सिल्व्हरस्टोनपर्यंत जाऊन आला आणि पुण्या-मुंबईचे बरेच संघ कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारतमध्ये भाग घेतात. ऑटोक्रॉसची फेरी तिथेही असते. सोबत स्किडपॅड नावाची परीक्षा असते. त्यात 15.25 मीटर व्यासाची दोन आतली वर्तुळं आणि त्यांच्याभोवती 3 मीटर रुंदीची वाट असते, एकूण आकार इंग्रजी आठाचा.

वैरागला यातलं एकच वर्तुळ पुरे. मधोमध खुंटी ठोकायची, साडेसात मीटरहून थोडी मोठी दोरी बांधायची आणि फक्कीनं वर्तुळ मारायचं. नवख्यासाठी बाहेरची वाट चार मीटरची ठेवली तरी चालेल. आतल्या रेषेपासून दीड मीटरवरून चालवलं तर एक फेरा सुमारे 57 मीटरचा होतो. हळू सुरुवात करून वेग इतका वाढवायचा की पुढची चाकं बाहेर सरकू लागतील, आणि तिथेच पायानं गाडी धरून ठेवायची. विद्यार्थ्यांच्या उत्तम गाड्या गुळगुळीत डांबरावर 5 सेकंदांच्या आसपास फेरा घेतात. मुरमावर साध्या गाडीनं साडेआठ-नऊ सेकंद लागले तर टायर पुरेपूर राबतायत असं समजावं. दोन्ही दिशांना सारखे फेरे घ्यावेत. बहुतेकांचं उजवं वळण कच्चं निघतं, कारण त्या वेळी बाहेरची बाजू चालकापासून लांब असते.

या वर्तुळाचा हिशेब मजेशीर आहे. वळणाची त्रिज्या 10 मीटरची 14 केली, तर त्याच पकडीत वेग जवळजवळ 18 टक्क्यांनी वाढवता येतो. वाटेची पूर्ण रुंदी वापरायची, आतल्या कडेला उशिरा टेकायचं, हे जे अनुभवी लोक पुन्हा पुन्हा सांगतात ते यासाठीच.

जागा निवडताना रान नको, माळ हवा. बार्शी तालुक्यातली काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेत चाक अडकलं तर टायरची बाजू फाटते. शिवाय रब्बीची ज्वारी निघाल्यावर रान मोकळं दिसलं, तरी गाडीच्या फेऱ्यांनी ते दडपून टणक होतं आणि पुढच्या मशागतीला जड जातं. मुरमाड माळ केव्हाही बरा. पहिल्या काही गाड्यांना तिथे वरचा सुटा थर त्रास देतो, मग चाकोरी झाडल्यासारखी स्वच्छ होते आणि वेळा भराभर सुधारतात. म्हणून पहिल्या फेऱ्यांच्या आकड्यांवरून कुणी स्वतःला जोखू नये. जागेच्या मालकाची परवानगी, अग्निशामक, हेल्मेट, आणि बघ्यांना वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं न करणं, यात तडजोड नाही. सार्वजनिक रस्त्यावर सराव तर मुळीच नाही.

एका वाहनावरचं कसब दुसऱ्यावर नेता येतं याचं उदाहरण जवळच आहे. पुण्याचे संजय टकले मोटारसायकलींच्या शर्यतींतून रॅलीकडे वळले आणि जानेवारी 2025 मध्ये सौदी अरेबियातल्या डकार क्लासिकमध्ये टोयोटा लँड क्रूझर घेऊन उतरले.

स्विफ्टवर सध्या पैसे घालू नयेत. स्टेपनी, जॅक, पायातल्या मॅट, दारातली पाण्याची बाटली, सगळं बाहेर काढावं. बाटली घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल हे सांगायला नको. बॅटरीची पट्टी आणि चाकांचे नट घट्ट आहेत ना ते पाहावं. हवा कंपनीनं सांगितलेली तेवढीच ठेवावी. प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पुतण्याकडे परवाना फक्त ट्रॅक्टरचा असेल तर मोटारीचा आत्ताच काढायला टाकावा. पुढे राष्ट्रीय स्पर्धांत उतरायचं झालं तर एफएमएससीआय या मोटारस्पर्धांच्या राष्ट्रीय संघटनेचा स्पर्धक परवानाही लागेल. त्याची कागदपत्रं, पुण्या-नाशिककडचे क्लब आणि राहिलेला ब्रेक, हे सगळं पुढच्या भागात.