‘शहा’ किताबाची सहाशे वर्षे : जव्हारच्या मुकणे घराण्याची कहाणी

(प्रतिनिधी)

गोखिवरे : गोखिवऱ्याहून राष्ट्रीय महामार्गावर येऊन उत्तरेस मनोरपर्यंत जावे आणि तेथून विक्रमगडमार्गे घाट चढावा, की जव्हार लागते. पालघर जिल्ह्याचे थंड हवेचे ठिकाण म्हणून वसई-विरारकरांना ते परिचित आहे. मात्र महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याने येथे सहाशे वर्षे राज्य केले आणि एक वंशपरंपरागत किताब धारण केला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

या राज्याचे मूळ पुरुष जयबा मुकणे. बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन त्यांनी वारली नायकाकडे मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा मुलूख वेढून घेतला, अशी आख्यायिका आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कार्थेज नगरीच्या स्थापनेविषयीही हीच कथा सांगितली जाते, त्यामुळे तिला इतिहास मानता येत नाही. जयबांचे पुत्र धुळबाराव यांना दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली व ते नेमशहा झाले. ही घटना ५ जून १३४३ ची मानली जाते. तिचे महत्त्व एवढे, की या दिवसापासून संस्थानाने स्वतःचा शक सुरू केला.

किताबाने राज्य मिळाले नाही. आधीच हाती असलेल्या राज्यावर दूरच्या सत्तेची मोहोर उमटली, एवढाच त्याचा अर्थ. आयर्लंडमध्येही असेच घडले. तेथील थोमंडच्या ओब्रायन राजघराण्याने १५४३ मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यापुढे आपले राज्य ठेवले आणि ‘अर्ल ऑफ थोमंड’ व ‘बॅरन इंचिक्विन’ हे किताब घेऊन जमीन परत मिळविली. मोहोर देणाऱ्याची गरजही त्यात भागत असे : दुर्गम मुलूख फौज न ठेवता ताब्यात राही.

मोहोर मात्र कायमचे कवच नसते. १६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी शिवाजी महाराज व राजे विक्रमशहा यांची शिरपामाळ येथे भेट झाल्याचे सांगतात. पुढे १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकले. मराठेशाहीत संस्थानाचा बराच मुलूख गेला. इंग्रजी अमलात सुमारे आठशे चौरस किलोमीटरचे राज्य आणि नऊ तोफांची सलामी उरली.

अखेरचे राजे यशवंतराव मुकणे यांनी दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात सेवा केली. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे हेच राजे काँग्रेसच्या तिकिटावर मते मागून लोकसभेत गेले. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे रद्द झाले आणि किताबाचा कायदेशीर आधार संपला. आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेनेही राज्याने सरदारकीचे किताब देण्यास मनाई केली आहे.

किताब गेला, परंतु प्रजेचे प्रश्न गेले नाहीत. १९९२ मध्ये वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी जव्हारचे नाव देशभर पोहोचविले. पर्यटक आज जयविलास राजवाडा पाहून परततात. ज्या आदिवासी समाजातून हे राजघराणे उभे राहिले, त्याचे पाडे त्या राजवाड्याच्या भोवतालीच आहेत. राजाचे उत्तरदायित्व लोकशाहीने स्वतःकडे घेतले आहे, याची आठवण जव्हारच्या इतिहासाने ठेवावयास हवी.