स्ट्रॉमधून ‘ऊऽऽ’ केल्याने स्वरतंतूंना आराम का मिळतो?

आवाज बसला म्हणून एखादी शिक्षिका स्पीच थेरपिस्टकडे जाते आणि तिच्या हातात येतं काय, तर अर्धा ग्लास पाणी आणि एक स्ट्रॉ. ‘स्ट्रॉ पाण्यात बुडवून बुडबुडे काढत ऊऽऽ करा.’ पोरखेळ वाटतो ना? पण यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे.

स्वरतंतू म्हणजे तारा नव्हेत, त्या श्वासनळीच्या वरच्या तोंडाशी असलेल्या दोन मऊ घड्या आहेत. (मराठी नावाने इथे बराच घोळ केलाय.) फुफ्फुसातली हवा त्यांना उघडते आणि त्या पुन्हा मिटतात. बोलताना स्त्रियांमध्ये हे सेकंदाला 200 वेळा तरी होतं. पाच तासिका घेणाऱ्या बाईंचे स्वरतंतू दिवसभरात लाखो वेळा एकमेकांवर आपटतात. आवाज चढवला की आपटणं जोरात होतं, आणि गाठी येतात त्या यातूनच.

आता स्ट्रॉकडे येऊ. आवाजासाठी लागणारा हवेचा दाब आम्ही ‘सेंटिमीटर पाणी’ या एककात मोजतो. साध्या बोलण्याला साधारण 5 ते 10 सेंटिमीटर लागतात. समजा, खालून 8चा दाब आहे. तोंड उघडं असेल तर वरचा दाब जवळपास शून्य, म्हणजे स्वरतंतूंच्या दोन बाजूंमधला फरक 8. स्ट्रॉ 3 सेंटिमीटर पाण्यात बुडवली, तर बुडबुडा निघायलाच तोंडात किमान 3चा दाब हवा. फरक उरला 5. शिवाय वरचा दाब घड्यांना किंचित दूर ठेवतो, त्यामुळे टक्कर सौम्य होते. प्रत्यक्षात आपण नकळत छातीतून जास्त जोर लावतो, त्यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही, पण तत्त्व हेच.

मला जास्त आवडते ती दुसरी गोष्ट. अमेरिकन शास्त्रज्ञ इंगो टिट्झ यांनी 2006 मध्ये ती सविस्तर मांडली. स्ट्रॉमुळे घशापासून बाहेरपर्यंतचा हवेचा स्तंभ लांब आणि अरुंद होतो, म्हणजे हलायला सुस्त. घड्या उघडताना ही सुस्त हवा अडून बसते, वरचा दाब वाढतो आणि उघडण्याला मदत होते. घड्या मिटताना तीच हवा पुढे धावत राहते, मागे दाब कमी पडतो आणि मिटणं सोपं होतं. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावावा तसं! म्हणून कमी दाबातही आवाज सुरू होतो.

मग थेरपीनंतर हवेचा प्रवाह वाढायला हवा की कमी व्हायला? दोन्ही! निरोगी आवाजात सेकंदाला साधारण 100 ते 200 मिलिलिटर हवा जाते. घसा आवळून बोलणाऱ्याचा प्रवाह वाढला तर सुधारणा, आणि ज्याच्या घड्या नीट मिटत नाहीत त्याचा कमी झाला तर सुधारणा. त्यामुळे सगळ्या रुग्णांची सरासरी काढून ‘फरक पडला नाही’ म्हणणं मला पटत नाही.

करून बघायचं असेल तर ऊऽऽ करताना मध्येच नाक चिमटीत धरा. आवाज बदलला, तर हवा नाकातून निसटतेय आणि वरचा दाब तयारच होत नाहीये. गाल फुगवून जोरात फुंकू नका. आवाज बसून चार आठवडे झाले असतील, तर स्ट्रॉ शोधण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र बघून घ्या. गाठ आहे, सूज आहे की आणखी काही, हे बाहेरून ऐकून कळत नाही.