नारळी पौर्णिमा : श्रीफळामागचा संकल्प

श्रावण शुद्ध पौर्णिमेस आमच्या रत्नागिरीत दोन विधी एकाच दिवशी घडतात. इकडे यजुर्वेदी मंडळी श्रावणी करून, नवे यज्ञोपवीत धारण करून वेदाध्ययनास पुनश्च आरंभ करतात. तिकडे दर्यावर्दी बंधू वाजतगाजत किनाऱ्यावर येऊन सागरास श्रीफळ अर्पण करतात. एकीकडे विद्येचा आरंभ, दुसरीकडे व्यवसायाचा, असे आम्ही अनेक वर्षे कीर्तनातून सांगत आलो.

काही वर्षांपूर्वी कीर्तन आटोपल्यावर एका वृद्ध तांडेलांनी आम्हांस विचारले, “बुवा, नारळ दिला की दर्या शांत होतो असं तुम्ही सांगता. पण हल्ली तो ऐकतो कुठं?”

प्रश्न श्रद्धाहीनाचा नव्हता. जन्मभर दर्याची सेवा केलेल्याचा होता. २०१९ साली श्रीफळ अर्पण होऊन अडीच महिने लोटले, तरी ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे अरबी समुद्रात एकाच वेळी घोंघावत होती. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ने दापोली-मंडणगडच्या वाड्या आडव्या केल्या, त्याच वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज आमच्या मिऱ्या किनाऱ्यास येऊन लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आले. अरबी समुद्राचे पाणी तापत चालले आहे आणि त्या उष्णतेवरच वादळे पोसली जातात, असे शास्त्रज्ञ सांगतात.

मग परंपरा खोटी ठरली काय? आम्हांस तसे वाटत नाही. श्रीफळ हा सागराशी केलेला सौदा नव्हे. तो संयमाचा समारोप आहे. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, आणि तोच अनेक माशांच्या प्रजननाचा काळ. त्या दिवसांत होड्या शाकारून ठेवायच्या, जाळी विणायची, आणि पौर्णिमेस अनुज्ञा मागून मगच समुद्रात उतरायचे, हा पूर्वजांचा नेम. २०२३ साली अधिक श्रावणामुळे ही पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. कायद्याने मात्र १ ऑगस्टपासूनच समुद्र मोकळा झाला होता. कायदा दिनांक पाळतो, नेम मनाने पाळावा लागतो.

युनेस्कोच्या २००३ सालच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीच्या करारात निसर्गविषयक ज्ञान व आचार यांनाही वारसा म्हटले आहे. मिरवणूक आणि सोनेरी वेष्टनातला नारळ सहज टिकतील. धोक्यात आहे ते तांडेलांच्या मुखी असलेले ज्ञान : पौर्णिमा-अमावास्येचे उधाण, अष्टमीची भांग, वाऱ्याची दिशा, ढगांचा रंग. हे ज्ञान वेदांप्रमाणेच मुखोद्गत. सांगणारा गेला की तेही गेले. आणि समुद्राचे वर्तन बदलत असताना, काय बदलले हे ओळखण्यासाठी पूर्वी काय होते ते ठाऊक असावेच लागते.

म्हणून आमची विनंती इतकीच. श्रावणीस गुरू शिष्यांना जवळ बसवितात. त्याच दिवशी किनाऱ्यावर वृद्ध तांडेलांनी नातवंडांना जवळ बसवावे. जुने सांगावे, नव्याने पाहिलेले टिपून ठेवावे, हवामान खात्याचा इशाराही वडीलधाऱ्यांच्या शब्दाइतकाच मानावा. त्या तांडेलांना आम्ही तेव्हा उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज म्हणू : दर्याने आमचे ऐकावे म्हणून नारळ नव्हे, दादा, आम्ही दर्याचे ऐकू, हे वचन म्हणून नारळ.